रेकॉर्ड तर केले, पुढे काय?

हल्ली एक गोष्ट घरोघरी फार सोपी झाली आहे, ती म्हणजे आवाज टिपून ठेवणे. पूर्वी घरात टेपरेकॉर्डर असणे ही मिरवण्याची बाब होती. कॅसेट विकत आणावी लागे, ती पुरवून पुरवून वापरावी लागे. आता मोबाइलवरचे एक लाल बटण दाबले की झाले. आजेसासूबाईंची गोष्ट, मावशींची मेतकुटाची कृती, महिला मंडळात झालेले डॉक्टरीणबाईंचे व्याख्यान, मंगळागौरीची गाणी, धाकट्याचे बोबडे बोल, सगळे त्या एवढ्याशा डबीत जाऊन बसते.

बसते खरे, पण पुढे काय? बहुतेक घरांत पुढे काहीच होत नाही. ‘नवीन रेकॉर्डिंग १७’, ‘नवीन रेकॉर्डिंग १८’ अशी नावे घेऊन ते आवाज पडून राहतात. एक दिवस फोन म्हणतो, जागा संपली. मग कुणीतरी घाईघाईने दहा-वीस गोष्टी पुसून टाकते, आणि त्यात नेमकी आजींची गोष्ट जाते. किंवा फोन पाण्यात पडतो, आणि मग हळहळ करण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

मैत्रिणींनो, गहू घरात आले म्हणजे पोळी झाली असे आपण कधी म्हणतो का? गहू निवडायचे, ऊन द्यायचे, दळून आणायचे, चाळायचे, मग कणीक भिजवायची. आवाजाचेही तसेच आहे. रेकॉर्ड करणे म्हणजे नुसते गहू घरात आणणे. खरे काम त्याच्यानंतरचे.

सध्या पॉडकास्टची चलती आहे. आपल्या सवडीने, पोळ्या लाटता लाटता ऐकावा असा हा बोलका कार्यक्रम. हा शब्द २००४ साली एका इंग्रज पत्रकाराने लिहिता लिहिता सुचवला. ‘आयपॉड’ या खिशातल्या गाणी ऐकण्याच्या यंत्राचे अर्धे नाव घेतले आणि इंग्रजीत प्रसारणाला जो शब्द आहे त्याचे अर्धे. ते यंत्र २०२२ पासून निघायचे बंद झाले, पण शब्द टिकला. हे कार्यक्रम करणारी मंडळी रेकॉर्डिंगनंतरच्या कामाला ‘पोस्ट-प्रॉडक्शन’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम आपल्या ओळखीचे आहे. निवडणे, टिपणे, पाखडणे, भरून ठेवणे आणि वेळेवर वाढणे. त्यातले घरच्या घरी कितपत जमते आणि ते का करावे, ते आज पाहू.

मागच्यांनी काय केले?

आधी तीन जुनी उदाहरणे सांगते. तिन्हींतून शिकण्यासारखे आहे.

पहिले उदाहरण गौहर जान यांचे. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या काळच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. गाणे संपता संपता गौहरबाई चक्क इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. का? तर त्या तबकड्या बनत जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात. तिथल्या कारागिरांना हे कुणाचे गाणे ते कळावे कसे? म्हणून नाव आवाजातच गुंफलेले. सव्वाशे वर्षे होत आली, पण ती तबकडी लावली की गाणारी कोण हे आजही विचारावे लागत नाही.

दुसरे आपल्या सगळ्यांच्या माहितीतले, गीतरामायण. पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ते चालले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. दर आठवड्याला नवे गीत लागायचे आणि तेच पुन्हा ऐकवले जायचे. वर्तमानपत्रे त्याचे शब्द छापू लागली. पुढे त्याचे पुस्तक निघाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, गावोगाव कार्यक्रम झाले. म्हणजे एकच स्वयंपाक, पण तो किती पंगतींना पुरला पाहा! आवाज एकदाच वापरायचा असतो असे नाही, हे त्यातून शिकावे.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते आपल्यासारख्या बायकांचे आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० नंतरच्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. खेडोपाडी जायचे, बायकांजवळ बसायचे, ओव्या उतरवून घ्यायच्या. पुढे १९९० नंतर टेपवर गाणेही घेतले, आणि बर्नार बेल या संशोधकांनी ते सगळे संगणकावर नीट लावून ठेवायला मदत केली. हजारांवर गावे आणि लाखावर ओव्या! विचार करा, पिठाची गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, आणि त्या ओव्या म्हणायला निमित्तच उरले नाही. टिपल्या नसत्या तर गेल्याच असत्या.

पण नुसत्या टिपून ठेवल्या असत्या तरीही त्या गेल्याच असत्या, एवढेच की कपाटात बसून गेल्या असत्या. या मंडळींनी प्रत्येक ओवीपुढे गाणारीचे नाव लिहिले, गाव लिहिले. विषयवार वाटण्या केल्या: माहेरची, भावाची, लेकीची, विठ्ठलाची. पॉइत्वाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. तरी काम अडले नाही, कारण ते दुसऱ्याच्या हाती देण्याजोगे लावलेले होते. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘परी’ ही संस्था त्या ओव्या आवाज, शब्द, भाषांतर आणि गाणाऱ्या बाईच्या नावासह लोकांपुढे मांडत आली आहे. त्यासाठी मंडळी पुन्हा त्या गावांत गेली, त्या बायकांना शोधून भेटली.

आता सांगा, आपल्या घरातल्या म्हातारीचा आवाज याहून कमी मोलाचा आहे का?

आधी थोडे रेकॉर्डिंगबद्दल

नंतरचे काम निम्मे हलके व्हावे असे वाटत असेल, तर रेकॉर्ड करतानाच चार गोष्टी सांभाळा.

पंखा बंद करा. कुकर आधी उतरवून घ्या. रिकाम्या मोठ्या खोलीत आवाज घुमतो. त्यापेक्षा गाद्या, पडदे, कपड्यांचे कपाट असलेली निजायची खोली बरी. फोन बोलणाऱ्या व्यक्तीपासून हातभर अंतरावर, टेबलावर नव्हे तर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे बांगड्यांचा आणि टेबलाला लागलेल्या धक्क्यांचा आवाज येणार नाही.

सुरुवातीला दहा सेकंद कुणीही बोलू नका. ही शांतता वाया जात नाही, तिचा उपयोग पुढे सांगते. मग गौहरबाईंची युक्ती करा: “आज तारीख अमुक, गाव तमुक, सांगत आहेत माझ्या आत्या, ऐकते आहे मी,” असे आवाजातच म्हणा. कागद हरवतो, फाइलचे नाव बदलते, आवाजातले नाव जात नाही.

मध्येच कुणी दार वाजवले, कुणाला खोकला आला, तर एक टाळी वाजवा. फोनवर किंवा संगणकावर आवाजाचे चित्र उमटते ना, त्यात टाळीचा उंच सुळका लांबून दिसतो. कापायची जागा शोधत बसावे लागत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. कृती सांगताना आपल्या बायकांचा हात तोंडापेक्षा जास्त बोलतो. “मेथ्या एवढ्याच घ्यायच्या हं,” असे म्हणून सासूबाई चिमूट दाखवतात. रेकॉर्डरला चिमूट दिसत नाही! तिथल्या तिथे विचारा, “एवढ्या म्हणजे आई, चमचाभर का?” त्या म्हणतील, “चमचा कसला, अर्धा चमचा. जास्त झाल्या की कडू लागतं.” बघा, नुसते मापच नाही, कारणही मिळाले.

मूळ प्रतीला हात लावायचा नाही

आता मुख्य कामाकडे वळू. पहिला नियम असा, की मूळ रेकॉर्डिंग जसेच्या तसे वेगळे ठेवायचे आणि जे काय कापायचे-जोडायचे ते त्याच्या नकलेवर. कापड बेतताना आपण आधी कागदावर बेततो, तसेच. एकदा पुसलेले परत येत नाही.

ध्वनीच्या फाइली साधारण दोन तऱ्हेच्या असतात. ‘वेव्ह’ जातीची फाइल म्हणजे सगळा आवाज जसाच्या तसा. तासाभराच्या बोलण्याला साधारण ३०० एमबी जागा खाते. ‘एमपीथ्री’ म्हणजे दाबून घडी घातलेला आवाज. तेच तासाभराचे बोलणे ३० एमबीतही बसते आणि ऐकणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही. पाठवायला एमपीथ्री सोयीची. मात्र ती उघडून, कापून, पुन्हा एमपीथ्री करून ठेवली की दर खेपेला आवाज थोडा उतरतो. धुऊन धुऊन साडीचा रंग उतरावा तसा. म्हणून मूळ प्रत जपायची.

नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग व्यक्ती आणि विषय लिहावा: ‘२०२५-०१-१४ आत्या मेतकूट’. असे केले की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. बरणीवर चिठ्ठी चिकटवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच याला लागतो, पण वर्षाने कैरीचे लोणचे कुठले नि लिंबाचे कुठले हे उघडून पाहावे लागत नाही.

एकदा वही घेऊन ऐका

लगेच कापायला बसू नका. एक वही घ्या, कानाला हेडफोन लावा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. समासात मिनिट-सेकंद लिहायचे, पुढे विषय.

“मि. ०-४० : ओळख. मि. २-१० : माहेरचा वाडा. मि. ६-३० : मेतकूट, डाळी भाजणे. मि. ११-०० : प्लेगच्या आठवणी, त्यांच्या आजीकडून ऐकलेल्या. मि. १४-२० : फोन वाजला, कापावे.”

सगळ्या कामातले मला सर्वांत उपयोगाचे वाटते ते हेच. पुस्तकाला अनुक्रमणिका असते, आवाजाला नसते. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये मेतकूट कुठे आहे हे शोधायला पुन्हा तासभर ऐकावे लागते, म्हणून कुणी ऐकतच नाही. पुढे वेळ मिळाला नाही, एकही गोष्ट कापली नाही, तरी ही पानभर यादी असली की रेकॉर्डिंग जिवंत राहते. उद्या तुमची लेक ते पान घेऊन नेमके साडेसहाव्या मिनिटाला पोचेल.

पाखडणे आणि कापणे

संगणक असेल तर ‘ऑडॅसिटी’ नावाची सोय फुकट मिळते. २००० सालापासून ती आहे आणि जगभर लोक वापरतात. फोनवरही कापण्या-जोडण्याच्या बऱ्याच सोयी आहेत. शाळेतल्या मुलाला अर्धा तास बसवून घ्या, तो शिकवील. कामे तीन आहेत.

पहिले काम घरघर काढण्याचे. ते सुरुवातीचे दहा सेकंद आठवतात ना? त्या शांततेत खरे तर फ्रिजचा, रस्त्याचा बारीक आवाज असतो. तेवढा भाग निवडून यंत्राला दाखवायचा, “हा बघ कचरा.” मग ते सगळ्या रेकॉर्डिंगमधून तेवढा आवाज वेगळा काढते. मात्र बेताने! जास्त पाखडले की कोंड्याबरोबर दाणेही उडतात, आणि बोलणारी बाई पाण्याखालून बोलते आहे असे वाटू लागते. थोडी घरघर राहिली तर राहू द्या.

दुसरे काम पातळी सारखी करण्याचे. आजींचा आवाज बारीक, तुमचा मोठा. ऐकणाऱ्याला सारखे बटण खालीवर करायला लागू नये म्हणून आजींचा भाग थोडा उचलायचा आणि तुमचा थोडा बसवायचा.

तिसरे काम कापण्याचे, आणि इथे खरी अक्कल लागते. फोनची घंटा, ठसका, “अगं, दूध बघ गं!” हे काढावे. तेच वाक्य दोनदा आले तर चांगले ते ठेवावे. पण प्रत्येक श्वास, प्रत्येक “म्हणजे काय झालं” काढत बसलात तर माणूस जाऊन यंत्र उरते. आजी थोडा वेळ गप्प राहतात आणि मग हळूच म्हणतात, “तेव्हा तो गेला,” तर ते गप्प राहणे कापायचे नाही. त्यांचे अर्धे सांगणे त्या गप्प राहण्यात आहे.

बोलीला तर मुळीच हात लावू नये. त्यांच्या तोंडी ‘व्हता’, ‘न्हाई’, ‘हाय’ असेल तर असू दे. शुद्ध मराठी शिकवायला पाठ्यपुस्तके पुष्कळ आहेत.

हे कुणाला ऐकवायचे?

आता एका नाजूक गोष्टीविषयी. समजा सासूबाई मेतकूट सांगता सांगता जुन्या गोष्टींत शिरल्या. धाकट्या जावेने दागिन्यांवरून काय केले, नणंदेचे ठरलेले लग्न कसे मोडले, त्यांच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात काय झाले. त्या तुमच्याशी बोलत होत्या, सगळ्या गावाशी नव्हे. रेकॉर्डर चालू आहे हे दहा मिनिटांनी माणूस विसरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कात्री तुमच्या हातात आहे, पण बोलणे त्यांचे आहे. म्हणून कापून झाले की त्यांना ऐकवा. दुपारी चहाच्या वेळी शेजारी बसून विचारा.

“अहो आई, हे सगळ्यांना पाठवू का?”

“मेतकुटाचं पाठव. ते दागिन्यांचं नको गं. आता ती बिचारी राहिली नाही, तिची मुलं ऐकतील.”

“आणि तुमच्या बाळंतपणाचं?”

“ते… ते ठेव. पाठवू नकोस, पण पुसूही नकोस. नातीला मोठी झाल्यावर ऐकव.”

तीन गोष्टी, तीन उत्तरे. एक सगळ्यांसाठी, एक कुणासाठीच नाही, एक राखून ठेवायची. वहीत प्रत्येकीपुढे तशी खूण करा: ‘सर्वांना’, ‘फक्त घरात’, ‘अमुक वर्षांनंतर’. आणि बाई नको म्हणाल्या तर नको. मग ते कितीही रंगतदार असो. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना जन्मभर फारसे कुणी काही विचारलेले नसते. त्यांच्या आवाजाबद्दल तरी त्यांना विचारले जावे.

उलटही घडते. एखादी आजी म्हणते, “काही लपवू नकोस, सगळं राहू दे. मी बोलले ते खरंच बोलले.” आणि घरातल्या कुणाला ते आवडत नाही. ‘घराण्याचे नाव’ वगैरे बोलणे सुरू होते. अशा वेळी निदान मूळ प्रत जपून ठेवणे तुमच्या हातात आहे. आज वाटायचे नसेल तर नका वाटू. पण दुसऱ्या कुणाच्या सोयीसाठी तिचे बोलणे पुसू नका.

मंडळातल्या व्याख्यानाचेही असेच. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय ते चार गटांत पाठवू नये. एखादीने तिथे उभे राहून स्वतःच्या दुखण्याबद्दल प्रश्न विचारला असेल, तर तिचे नाव आणि प्रश्न काढून फक्त उत्तर ठेवावे.

एका रेकॉर्डिंगचे पाच पदार्थ

आता वाढायची वेळ. तासाभराची फाइल कुणाला पाठवली तर “ऐकते हं सवडीने” असे उत्तर येते, आणि सवड कधी मिळत नाही. तेच पाच मिनिटांचे करून पाठवा, लगेच ऐकले जाते. एका रेकॉर्डिंगमधून इतके निघते:

१. छोटे तुकडे. एक गोष्ट, एक कृती, एक गाणे, असे तीन ते पाच मिनिटांचे भाग. आधी तुमच्या आवाजात दोन वाक्यांची ओळख जोडा. पुण्याला, नागपूरला, अमेरिकेला असलेल्या भाच्यांना रविवारी एक पाठवा. सगळे एकदम नको.

२. लिहिलेली प्रत. बोललेले आपोआप लिहून देणारी सोय आता मराठीतही आहे. ती मजकूर निम्मा तरी उतरवून देते. पण गावाकडची बोली, नातेवाइकांची नावे, जुनी मापे यांत ती हमखास अडखळते. चिपटे, मापटे, शेर, अदपाव तिला कुठून ठाऊक असणार? म्हणून आवाज लावून एकदा ताडून पाहा. बोलीतला शब्द तसाच ठेवून पुढे अर्थ लिहा.

३. करून पाहिलेली कृती. रेकॉर्डिंग ऐकत ऐकत मेतकूट एकदा करा. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, धने, जिरे ज्या क्रमाने त्या भाजायला सांगतात त्याच क्रमाने. ‘मूठभर’ आले की त्यांच्याच मुठीने घालून वाटीने मोजा. राहिलेली मापे मागाहून दोन वाक्यांत बोलून त्या जागी जोडता येतात.

४. पुस्तिका. दहा कृती, चार गोष्टी, जुने फोटो. झेरॉक्सवाल्याकडे छापून पाठीला दोरा घातला की भाऊबिजेला द्यायला याहून चांगली भेट नाही. खाली सांगणारीचे पूर्ण नाव घाला. ‘आमच्या घरची कृती’ असे मोघम नको.

५. कार्यक्रम. सात-आठ भाग जमले आणि सांगणारीची संमती असली, तर पॉडकास्ट म्हणून सर्वांसाठी खुला करता येतो. एका ठिकाणी आवाज चढवून ठेवला की ऐकण्याच्या निरनिराळ्या सोयी तो तिथून आपोआप उचलतात. पैसे न घेता जागा देणारेही आहेत. मात्र नाव आणि चार ओळींची माहिती मन लावून लिहा. लोक शोधतात ते अक्षरांनी. ‘भाग ३’ असे नाव दिलेत तर कोण कशाला उघडील? ‘तळहाताच्या मापाने मेतकूट’ म्हटले की हात आपोआप तिकडे जाईल.

एक सावधगिरी. मागे आवडते सिनेमातले गाणे लावायचा मोह होतो. घरात ऐकायला ठीक, पण सर्वांसाठी खुले करताना ते चालत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो, आणि शब्द-चालीचा हक्क वेगळा. त्यापेक्षा घरातल्या मुलीने पेटीवर वाजवलेले चार सूर काय वाईट?

माळ्यावरच्या कॅसेट

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि पुढची पस्तीस-चाळीस वर्षे ती घरोघर नांदली. माळ्यावरच्या डब्यात अजून कुणाच्या बारशाची, कुणाच्या गाण्याच्या क्लासाची, दुबईला असलेल्या भावाने पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट असेल. तिला वय होते. दमट हवेत, विशेषतः कोकणात, फितीला बुरशी धरते.

असे करा. कॅसेटच्या माथ्यावर डावी-उजवीकडे दोन बारीक पाकळ्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरे रेकॉर्ड होणार नाही. फितीवर पांढरट बुरशी दिसली तर ती लावून पाहू नका, फीत तुटते आणि प्लेअरही खराब होतो. जाणकाराकडे द्या. फीत चांगली असेल तर आधी एकदा शेवटपर्यंत गुंडाळून परत आणा. मग प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाला जोडून उतरवून घ्या. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठच मिनिटे लागतात, घाई चालत नाही. ती वाजत असताना शेंगा सोलून होतात. उतरवून झाल्यावरही कॅसेट फेकू नये.

तीन ठिकाणी ठेवा

सोने आपण एका ठिकाणी ठेवत नाही. काही घरात, काही बँकेच्या लॉकरमध्ये. आवाजाच्याही तीन प्रती कराव्या: एक फोनवर किंवा संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, आणि एक घराबाहेर. बहिणीकडे म्हणा किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत म्हणा. घरात पाणी शिरले तर पहिल्या दोन्ही एकदम जातात, म्हणून तिसरी. वर्षातून एक दिवस ठरवा. दसऱ्याला शस्त्रपूजा करतोच ना आपण, त्या दिवशी डिस्क काढून एकदा लावून पाहा. आणि कुलपाचा शब्द, म्हणजे पासवर्ड, वहीत लिहून घरात आणखी एकाला सांगून ठेवा.

वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न मनात आला असेलच. तासाभराचे रेकॉर्डिंग ऐकून, यादी करून, कापून, लिहून काढायला चार-पाच तास सहज जातात. एका बैठकीत करायला जाऊ नका. रोज पंधरा मिनिटे पुरतात. आणि हेही काम तुमच्या एकटीच्या गळ्यात पडू देऊ नका. कापणे-जोडणे मुलांकडे द्या. लिहून काढणे यजमानांना जमेल. त्यांच्याच आईचे बोलणे आहे, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी त्यांनीही कधी ऐकलेल्या नसतील. तुम्ही वही सांभाळा आणि विचारायचे काम करा. ते मात्र दुसऱ्या कुणाला तुमच्याइतके साधणार नाही.

आणि सगळे जमलेच नाही, तर एवढे तरी या आठवड्यात करा. फोनमधली ती ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ उघडा, ऐका, तिला नाव द्या, तारीख घाला आणि एक प्रत बहिणीला पाठवा. दहा मिनिटांचे काम. ज्यांचा आवाज आहे त्या अजून घरात असतील, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून तो त्यांना ऐकवा. बहुतेक जणी पहिल्यांदा म्हणतात, “इश्श, माझा आवाज असा आहे होय?” आणि मग, “थांब, यात एक सांगायचं राहिलंच,” म्हणून पुढचे सांगू लागतात. तेव्हा लाल बटण दाबायला विसरू नका.